जॉन कॉन्स्टेबल : गिरणीकाठचा निसर्गचित्रकार

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘द हे वेन’ हे तैलचित्र आहे. उथळ पाण्यात उभी असलेली गवताची रिकामी गाडी, काठावरून तिच्याकडे पाहणारा कुत्रा, डावीकडे एका शेतकऱ्याचे कौलारू घर, दूरच्या कुरणात काम करणारे मजूर आणि या साऱ्यावर पसरलेले ढगाळ उन्हाळी आकाश, एवढाच या चित्राचा विषय. दिनदर्शिका, टपालपत्रे आणि बिस्किटांचे डबे यांवर ते इतक्या वेळा छापले गेले, की इंग्लंडचे खेडे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हेच दृश्य उभे राहते. १८२१ मध्ये रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र प्रथम मांडले गेले, तेव्हा मात्र त्याला ग्राहक मिळाला नाही. त्याची खरी कदर तीन वर्षांनी, आणि तीही पॅरिसमध्ये झाली.

या चित्राचा कर्ता जॉन कॉन्स्टेबल याने आयुष्यात एकदाही ब्रिटनबाहेर पाऊल टाकले नाही. त्याचे समकालीन चित्रकार आल्प्स पर्वत, इटलीतील भग्नावशेष, ऐतिहासिक युद्धे यांमध्ये विषय शोधत असताना तो आपल्या बालपणीच्या नदीकाठच्या काही मैलांच्या परिसराकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. या हट्टाची किंमत त्याला मोजावी लागली. पण याच हट्टातून निसर्गचित्राला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली.

गिरणीवाल्याचा मुलगा

कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजी पूर्व इंग्लंडमधील सफोक परगण्यात, ईस्ट बर्गहोल्ट या गावी झाला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे सधन व्यापारी होते. स्टूर नदीवरची फ्लॅटफर्ड येथील पाणचक्की त्यांच्या मालकीची होती आणि जवळच्या डेडम येथील गिरणीही त्यांच्याकडे होती. घोड्यांनी दोराने ओढलेल्या पडावांतून पीठ नदीच्या मुखापर्यंत जाई आणि तेथून जहाजाने लंडनला पोहोचे. पुढे कॉन्स्टेबलच्या चित्रांत दिसणारे बांध, पडाव, पाण्याची दारे आणि नदीकाठची झाडे ही त्याच्या घरच्या धंद्याचीच दृश्ये होत.

मोठ्या भावाला बौद्धिक मर्यादा असल्याने धंद्याचा वारस म्हणून वडिलांनी जॉनकडे पाहिले होते. शाळा संपल्यावर त्याने काही काळ गिरणीच्या कामाचे शिक्षणही घेतले. पवनचक्की चालवणाऱ्याला वाऱ्याचा रोख आणि ढगांची चाल सतत पाहावी लागते. आकाश वाचण्याची ही सवय त्याला या काळात लागली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. फावल्या वेळात तो गावातील जॉन डन्थॉर्न या नळ व काचा बसवणाऱ्या कारागिराबरोबर माळावर जाऊन चित्रे काढी.

१७९५ मध्ये त्याची सर जॉर्ज बोमाँट या उमराव कलासंग्राहकाशी ओळख झाली. सतराव्या शतकातील चित्रकार क्लोद लोराँ याचे ‘हागार आणि देवदूत’ हे छोटे चित्र बोमाँट प्रवासातही सोबत बाळगीत. ते पाहून कॉन्स्टेबल भारावला. अखेर धंदा सांभाळण्यास धाकटा भाऊ एब्रम तयार झाला आणि वडिलांनी काहीशा नाराजीनेच संमती दिली. १७९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कॉन्स्टेबल रॉयल अकादमीच्या कलाशाळेत दाखल झाला.

नाकारलेली नोकरी

त्या काळी चित्रप्रकारांची एक ठरलेली उतरंड होती. इतिहास, पुराणे आणि बायबलमधील प्रसंगांची चित्रे सर्वांत वरच्या पायरीवर, त्याखाली व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्र बरेच खाली. निसर्ग रंगवायचाच, तर त्यात एखादी पुराणकथा किंवा प्राचीन अवशेष असावेत, आणि रंगही जुन्या चित्रांवर चढलेल्या तपकिरी झाकेशी जुळणारे असावेत, अशी अपेक्षा असे.

बोमाँट हेही याच मताचे होते. निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असे त्यांनी एकदा सुचवले. त्यावर कॉन्स्टेबलने एक व्हायोलिन आणून घरासमोरच्या हिरवळीवर ठेवले, अशी आठवण त्याचा मित्र व चरित्रकार सी. आर. लेस्ली याने नोंदवली आहे. गवत हिरवे असते, हे सांगण्यासाठी त्याला यापेक्षा अधिक बोलावे लागले नाही.

१८०२ मध्ये कॉन्स्टेबलचे चित्र अकादमीच्या प्रदर्शनात प्रथम लागले. त्याच वर्षी एका लष्करी महाविद्यालयात चित्रकला शिक्षकाची जागा त्याला मिळत होती. पगार निश्चित, राहण्याची सोय. त्याने ती नाकारली. गॅलऱ्यांतील जुनी चित्रे पाहून चित्रे काढण्यात आपण दोन वर्षे दवडली, आता ईस्ट बर्गहोल्टला परतून प्रत्यक्ष निसर्गासमोर बसायचे, असा निश्चय त्याने डन्थॉर्नला लिहिलेल्या पत्रात कळवला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठा असलेला जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर त्याच वर्षी अकादमीचा पूर्ण सदस्य झाला होता. तो मान मिळण्यासाठी कॉन्स्टेबलला आणखी सत्तावीस वर्षे थांबावे लागले.

विषय बदलण्याचे प्रयत्न त्यानेही केले. १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘कुट्स’ या जहाजावरून त्याने लंडन ते डील असा सुमारे महिन्याभराचा प्रवास करून जहाजांची रेखाटने केली. १८०६ मध्ये उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात दोन महिने हिंडून डोंगर रंगवले. पण त्या एकान्त पर्वतराजीत त्याचे मन रमले नाही. माणसांचा वावर असलेला, नांगर, गिरणी आणि चर्चचा मनोरा दिसणारा प्रदेशच त्याला हवा होता. पोटासाठी मात्र तो व्यक्तिचित्रे काढीत राहिला.

सात वर्षांची प्रतीक्षा

१८०९ मध्ये त्याचे मरायाह बिकनेल हिच्याशी प्रेम जमले. ती ईस्ट बर्गहोल्टच्या धर्मगुरूंची, रेव्हरंड डॉ. ऱ्हड यांची नात. तिचे वडील चार्ल्स बिकनेल हे लंडनमधील प्रतिष्ठित कायदेतज्ज्ञ होते. ज्याची चित्रे विकली जात नाहीत, असा गिरणीवाल्याचा मुलगा नातजावई म्हणून आजोबांना पसंत नव्हता. लग्न झाल्यास वारसाहक्कातून वगळण्याची धमकी त्यांनी दिली. सात वर्षे दोघे प्रामुख्याने पत्रांतूनच भेटत राहिले. ही पत्रे आज कॉन्स्टेबलच्या जीवनाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जातात.

१८१५ मध्ये त्याची आई आणि १८१६ च्या मे महिन्यात वडील निवर्तले. धंद्यातील वाट्यामुळे त्याला थोडे निश्चित उत्पन्न मिळू लागले. २ ऑक्टोबर १८१६ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. वधूच्या घरच्यांचा विरोध कायम होता. जॉन फिशर या धर्मगुरू मित्राने हा विवाह लावला आणि आपल्या घराजवळ, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, नवदाम्पत्याची राहण्याची सोय केली. या दाम्पत्याला पुढे सात मुले झाली. फिशर अखेरपर्यंत कॉन्स्टेबलचा पाठीराखा राहिला.

सहा फुटी कॅनव्हास

प्रदर्शनाच्या गर्दीत लहान निसर्गचित्रांकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे कॉन्स्टेबलच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने एक धाडस केले. ऐतिहासिक चित्रांसाठी वापरला जाणारा भव्य आकार त्याने स्टूर नदीच्या साध्या दृश्यांना दिला. १८१९ मध्ये ‘द व्हाइट हॉर्स’ हे सुमारे सहा फूट रुंदीचे चित्र प्रदर्शित झाले आणि फिशरने ते शंभर गिनींना विकत घेतले. त्याच वर्षी त्रेचाळीस वर्षांच्या कॉन्स्टेबलला अकादमीने सहसदस्य करून घेतले. त्यानंतर ‘स्ट्रॅटफर्ड मिल’ (१८२०), ‘द हे वेन’ (१८२१), ‘डेडमजवळील स्टूरचे दृश्य’ (१८२२), ‘द लॉक’ (१८२४) आणि ‘द लीपिंग हॉर्स’ (१८२५) ही मोठी चित्रे आली.

ही चित्रे नदीकाठी बसून काढलेली नाहीत. पूर्वीची रेखाटने आणि उघड्यावर केलेली छोटी तैलचित्रे समोर ठेवून तो लंडनमधील चित्रशाळेत काम करी. मोठे चित्र रंगवण्याआधी त्याच आकाराचा एक संपूर्ण कच्चा आराखडा तो तैलरंगांत करी. एवढे श्रम आणि एवढा रंग केवळ तयारीवर खर्च करणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. ‘द हे वेन’चा असा आराखडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जोरकस, झपाट्याने फटकारलेल्या कुंचल्यामुळे आजच्या अनेक रसिकांना तो पूर्ण चित्राहूनही अधिक भावतो.

‘द हे वेन’ १८२०-२१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये रंगवले गेले. गवताच्या गाडीची रचना नेमकी कशी असते याविषयी कॉन्स्टेबलला खात्री हवी होती. म्हणून भाऊ एब्रमने गावाकडे डन्थॉर्नच्या मुलाकडून गाडीची रेखाटने करवून घेऊन ती लंडनला धाडली. चित्रातील घर विली लॉट या शेतकऱ्याचे. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात हा गृहस्थ केवळ चार रात्री घराबाहेर राहिला, असे सांगितले जाते. कॉन्स्टेबलचे मन कशात गुंतले होते, हे या घराच्या निवडीवरून कळते.

चित्रातील ही शांतता पाहताना त्या काळचे वास्तवही ध्यानात घ्यायला हवे. नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर धान्याचे भाव कोसळले होते. सैन्यातून परतलेल्या मजुरांना काम नव्हते. १८१६ आणि १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडमधील शेतमजुरांच्या असंतोषाचा भडका उडाला, यंत्रे फोडली गेली, गंजींना आगी लागल्या. या अस्वस्थतेचा मागमूस कॉन्स्टेबलच्या चित्रांत नाही. तो विचारांनी सनातनी होता आणि संसदीय सुधारणांनाही त्याचा विरोध होता. त्याने रंगवलेले खेडे हे गिरणीमालकाच्या मुलाने बालपणी पाहिलेले, दूर गेल्यावर आठवणीत जपलेले खेडे आहे, असे आधुनिक समीक्षक म्हणतात ते यामुळेच.

पॅरिसची दाद

‘द हे वेन’ पाहणाऱ्यांत फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको होता. त्याच्यासारख्यांच्या तोंडून या चित्राची ख्याती पॅरिसला पोहोचली. १८२४ मध्ये जॉन ॲरोस्मिथ या पॅरिसच्या विक्रेत्याने ‘द हे वेन’, ‘डेडमजवळील स्टूरचे दृश्य’ आणि आणखी एक लहान चित्र अशी तीन चित्रे मिळून २५० पौंडांना घेतली. त्या वर्षीच्या पॅरिस सलोंमध्ये ती झळकली. राजा दहावा चार्ल्स याच्याकडून कॉन्स्टेबलला सुवर्णपदक मिळाले. झाडीचा हिरवा रंग एकसपाट न लावता हिरव्याच्या अनेक छटा शेजारी शेजारी ठेवण्याच्या त्याच्या पद्धतीने युजेन देलाक्रवा प्रभावित झाला आणि त्याने आपल्या ‘किऑसचे हत्याकांड’ या चित्रात बदल केले. १८२५ मध्ये लील येथेही ‘द व्हाइट हॉर्स’ला सुवर्णपदक मिळाले.

अवघ्या काही वर्षांत फ्रान्समध्ये त्याची वीसहून अधिक चित्रे विकली गेली. पण कॉन्स्टेबल स्वतः पॅरिसला गेला नाही. आपले पदकही त्याने घरबसल्याच स्वीकारले. पुढे विक्रेत्याशी खटका उडाला आणि हा व्यवहारही थांबला. त्याने पेरलेले बीज मात्र फ्रान्समध्ये रुजले. बार्बिझाँच्या चित्रकारांनी त्याच्यापासून प्रेरणा घेतली. १८७०-७१ मध्ये युद्धामुळे लंडनला आलेल्या क्लोद मोने आणि कामीय पिसारो यांनीही टर्नरबरोबर त्याची चित्रे पाहिली.

आकाशाची नोंदवही

१८१९ नंतर मरायाहच्या प्रकृतीसाठी कॉन्स्टेबल कुटुंबाने लंडनजवळच्या हॅम्पस्टेड टेकडीवर उन्हाळी बिऱ्हाड थाटले. तेथे १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने ढगांची असंख्य अभ्यासचित्रे केली. त्यांपैकी अनेक चित्रांत जमीन नाहीच. कागदामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवेची स्थिती लिहिलेली आहे. ल्यूक हॉवर्डने ढगांचे शास्त्रीय वर्गीकरण मांडून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. हवामानावरचे टॉमस फॉर्स्टरचे पुस्तक कॉन्स्टेबलच्या संग्रही होते आणि त्यावर त्याने टिपणेही केली होती. चित्रातील भावना मुख्यतः आकाशातून व्यक्त होते, असे तो मानी. जमिनीवरचा प्रकाश कोठून आणि कसा येतो, हे आकाशावरच अवलंबून असते, हे गिरणीवरच्या त्या मुलाला चांगले ठाऊक होते.

ग्राहकांना हे आकाश नेहमीच मानवत नसे. फिशरचे काका सॉल्झबरीचे बिशप होते. त्यांनी आपल्या बागेतून दिसणाऱ्या कॅथीड्रलचे चित्र काढून घेतले. पण चित्रातील काळा ढग त्यांना रुचला नाही. त्यांच्या समाधानासाठी कॉन्स्टेबलला निरभ्र आकाशाची दुसरी आवृत्ती करावी लागली. चित्रकार हेन्री फ्युसेली तर कॉन्स्टेबलची चित्रे पाहिली की ओव्हरकोट आणि छत्री मागवावीशी वाटते, असा विनोद करी. पानांवरील ओलसर चकाकी दाखवण्यासाठी तो पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके देई. समीक्षकांनी त्याला ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवले.

मरायाहचा मृत्यू

मरायाहला क्षयाने ग्रासले होते. समुद्राच्या हवेसाठी १८२४ पासून कुटुंब ब्रायटनला जाऊ लागले. जानेवारी १८२८ मध्ये सातवे अपत्य झाले. मार्चमध्ये मरायाहचे वडील वारले आणि त्यांनी वीस हजार पौंडांचा वारसा ठेवला. पैशाची चिंता प्रथमच मिटली होती. आता मोठी चित्रे निश्चिंतपणे रंगवता येतील, असे कॉन्स्टेबलला वाटले. परंतु २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मरायाहचे निधन झाले. विवाहाला बारा वर्षे झाली होती. सात मुले आईवाचून पोरकी झाली. यानंतर कॉन्स्टेबलने कायम काळा पोशाख घातला.

तीनच महिन्यांनी, १० फेब्रुवारी १८२९ रोजी, रॉयल अकादमीने त्याला पूर्ण सदस्य म्हणून निवडले, तेही एका मताच्या फरकाने. औपचारिक भेटीस गेलेल्या कॉन्स्टेबलला अध्यक्ष सर टॉमस लॉरेन्स यांनी, इतिहासचित्रे काढणारे गुणी उमेदवार असताना तुमची निवड झाली हे तुमचे भाग्य, अशा आशयाचे उद्गार ऐकवले. हा मान ज्या व्यक्तीबरोबर वाटून घ्यावा, ती उरली नसल्याची खंत त्याने बोलून दाखवली. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘हॅडली कासल’ या चित्रात वादळी रात्र ओसरल्यानंतरची सकाळ आहे, किल्ल्याचे भग्न बुरूज आहेत आणि खाली पसरलेला उदास समुद्र आहे. एरवी अवशेषांकडे पाठ फिरवणाऱ्या या चित्रकाराने दुःखाच्या वेळी मात्र त्यांचाच आसरा घेतला.

अखेरची वर्षे

१८३१ मध्ये ‘सॉल्झबरी कॅथीड्रल, कुरणातून’ हे भव्य चित्र आले. काळ्या ढगांत घुसलेला चर्चचा मनोरा आणि त्यावर उमटलेले इंद्रधनुष्य असलेले हे चित्र टेट संग्रहालयाने २०१३ मध्ये २ कोटी ३१ लाख पौंडांना मिळवले. पुढील वर्षीच्या प्रदर्शनात ‘वॉटर्लू पुलाचे उद्घाटन’ हे कॉन्स्टेबलचे लाल-सोनेरी रंगांनी भरलेले चित्र टर्नरच्या राखाडी सागरचित्राशेजारी लागले. टर्नरने आपल्या चित्रातील समुद्रावर लाल रंगाचा एकच ठिपका दिला आणि तो निघून गेला. टर्नर येथे येऊन बंदूक झाडून गेला, असे कॉन्स्टेबल म्हणाल्याचे लेस्लीने लिहून ठेवले आहे. नंतर टर्नरने त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला.

आपली दृष्टी लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून त्याने डेव्हिड लूकस या कोरक्याकडून आपल्या चित्रांची मेझोटिंट पद्धतीची छापचित्रे करवून घेतली. १८३० ते १८३२ या काळात निघालेल्या या संचातील बावीस छापचित्रांनी त्याला तोटाच दिला. १८३३ पासून त्याने निसर्गचित्राच्या इतिहासावर व्याख्याने दिली. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, वैज्ञानिक श्रोत्यांपुढे, चित्रकला ही एक विद्या असून ती निसर्गनियमांचा शोध म्हणून अभ्यासली जावी, असे त्याने प्रतिपादन केले. ३१ मार्च १८३७ च्या रात्री लंडनमधील राहत्या घरी त्याचे अचानक निधन झाले. तो साठ वर्षांचा होता. हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात मरायाहशेजारीच त्याचे दफन झाले.

मुलांनी जपलेला ठेवा

मृत्यूसमयी त्याची बरीच चित्रे घरातच पडून होती. १८४३ मध्ये लेस्लीने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले आणि हळूहळू इंग्लंडला आपला चित्रकार सापडला. ‘द हे वेन’ १८८६ मध्ये हेन्री व्हॉन या संग्राहकाने नॅशनल गॅलरीला भेट दिले. १८८८ मध्ये कन्या इसाबेलने वडिलांच्या घरात राहिलेली सुमारे चारशे तैलचित्रे, जलरंगचित्रे व रेखाटने राष्ट्राला अर्पण केली. ढगांचे अभ्यास आणि स्टूरकाठची टिपणे आज रसिकांना पाहायला मिळतात, ती प्रामुख्याने तिच्यामुळे. दुसरा मुलगा चार्ल्स गोल्डिंग याने समुद्राची वाट धरली. मुंबई हे मुख्य ठाणे असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात तो अधिकारी झाला आणि इराणच्या आखाताच्या सर्वेक्षणासाठी ओळखला गेला. वडिलांनी कधीही ब्रिटनचा किनारा सोडला नाही. मुलाने दूरदेशीचे किनारे नकाशावर आणले.

कॉन्स्टेबलच्या चित्रांची किंमत आता कोट्यवधींत मोजली जाते. २०१२ मध्ये ‘द लॉक’ लिलावात २ कोटी २४ लाख पौंडांना विकले गेले. जुलै २०२२ मध्ये हवामान बदलाकडे लक्ष वेधणाऱ्या दोन आंदोलकांनी ‘द हे वेन’वर त्याचीच बदललेली प्रतिमा चिकटवली. तिच्यात नदीच्या जागी डांबरी रस्ता आणि आकाशात विमाने होती. निषेधासाठी हेच चित्र निवडले गेले, कारण हरवू नये असा निसर्ग म्हणून ते सर्वांना ओळखीचे होते. त्याच्या जन्माला २०२६ मध्ये २५० वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने टेट ब्रिटनने टर्नर आणि कॉन्स्टेबल या दोघांचे एकत्रित प्रदर्शन नोव्हेंबर २०२५ पासून भरवले.

फ्लॅटफर्डची गिरणी आणि विली लॉटचे घर आजही उभे आहे. स्टूर नदीच्या त्या खोऱ्याला ‘कॉन्स्टेबलचा प्रदेश’ म्हणतात. हे नाव त्याच्या हयातीतच रूढ होऊ लागले होते. १८३२ मध्ये तो घोडागाडीने डेडमच्या खोऱ्यातून जात असता त्याने सहप्रवाशांजवळ त्या परिसराच्या सौंदर्याची प्रशंसा केली. त्यावर एक अनोळखी गृहस्थ उत्तरले, हा तर कॉन्स्टेबलचा प्रदेश! पुढे ते आणखी काही बोलतील आणि या आनंदावर विरजण पडेल, या भीतीने कॉन्स्टेबलने लगेच आपली ओळख सांगून टाकली.